विहिरीवरील पंप व हवेचा दाब
(सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

वाशिम जिल्ह्यात होळी सरली की घरच्या विहिरींवर एक तक्रार हमखास ऐकू येते. पंप सकाळी नीट चालतो, परंतु अर्ध्या-पाऊण तासाने त्याची धार बारीक होते व पुढे तो नुसताच घुमत राहतो. घरधनी मोटारीला दोष देऊन अधिक अश्वशक्तीची मोटार आणतो आणि तिचीही तीच गत होते. हा खर्च पुष्कळदा अनाठायी असतो. हवेच्या दाबाचा पाठ शाळेत नीट शिकविला गेल्यास तो टळू शकेल.

पंप पाणी ओढतो, ही समजूत प्रथम दूर करावी. काठावरील पंप नळातील दाब केवळ कमी करतो. विहिरीतील पाण्यावर भार देऊन ते नळात चढविते ती बाहेरची हवा. इटलीतील तोरिचेल्ली याच्या प्रयोगात (१६४३-४४) हवेने सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा तोलून धरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने विद्यार्थ्यांकडून फळ्यावर गुणाकार करवून घ्यावा : सुमारे १०.३ मीटर. समुद्रकाठी हवा याहून उंच पाणी चढवू शकत नाही. वाशिम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने येथे ही मर्यादा दहा मीटरांच्याही आत येते. नळातील घर्षण वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती राहतात. अश्वशक्ती वाढविल्याने ही मर्यादा वाढत नाही. मोटेला ती नव्हती, कारण मोट पाणी भरून घेऊनच वर येत असे. गावातील वृद्धांकडून मुलांनी हे अवश्य ऐकावे.

आता सकाळी चालणारा पंप मागाहून का थकतो? येथील काळ्या खडकात पाणी मुरमाच्या थरांतून व भेगांतून सावकाश झिरपते. उपसा झिरप्याहून अधिक झाला की पातळी झपाट्याने खाली जाते. म्हणून दोरीला दगड बांधून पातळी मोजावयाची ती पंप चालू असताना, सकाळच्या भरल्या विहिरीत नव्हे. हे काम शिक्षकांनी किंवा घरच्या जाणत्या माणसाने करावे; मुलांना काठावर वाकू देऊ नये.

पातळी मर्यादेत असूनही धार बारीक असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. रात्री भरलेला नळ सकाळी रिकामा आढळल्यास तळाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, गळते असे समजावे. चढत्या नळाच्या सांध्यातून हवा शिरत असल्यास धार अडखळत येते. हे वर्गात दाखविणे सोपे आहे : पिण्याच्या नळीस पाण्याच्या वरच्या भागी टाचणीने भोक पाडून विद्यार्थ्यास पाणी पिण्यास सांगावे. याखेरीज जाळीत अडकलेला गाळ व विजेचा कमी दाब हीही कारणे असतात.

पातळीच खोल असेल, तर पंप विहिरीतील खालच्या टप्प्यावर न्यावा. मात्र मृगापूर्वी तो वर काढावा, अन्यथा तो पुरात बुडेल. पाण्यात बुडवून ठेवावयाचा पंप पाणी खालून ढकलतो, त्यामुळे त्यास ही मर्यादा लागू नाही. पण तो उघडा पडून कोरडा चालता कामा नये. तेलावर चालणारे इंजिन मात्र विहिरीत कधीही उतरवू नये. त्याचा विषारी धूर तळाशी कोंडतो आणि मदतीस उतरणाऱ्याचाही जीव जातो. पाठात दुसरे काही राहिले तरी चालेल, एवढे मुलांस सांगितलेच पाहिजे.

उदाहरण : पंपाखाली ५.२ मीटरवर पाणी आहे. उपसा सुरू झाल्यावर पातळी दर १० मिनिटांस ३० सेंटिमीटर उतरते. मर्यादा ७ मीटर धरल्यास पंप किती वेळ चालेल? (उत्तर : १ तास.) तोच पंप दीड मीटर खाली बसविल्यास आणखी किती वेळ चालेल? (उत्तर : ५० मिनिटे, तितके पाणी विहिरीत असल्यास.)