जास्वंदीचे दुखणे

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळींत राहणाऱ्यांच्या वाट्याला अंगण क्वचितच येते. तरीही चाळीच्या कठड्याकडे दृष्टी टाकली, तर तेलाच्या रिकाम्या डब्यांतून, जुन्या बादल्यांतून आणि मातीच्या कुंड्यांतून एक हिरवे जग डोलताना दिसते. कोठे तुळस, कोठे मोगरा, कोठे कढीलिंबाचे झुडूप, तर कोठे एखादी जास्वंद. अंगण नसलेल्या घराला ही रोपेच अंगण मिळवून देतात. म्हणूनच त्यांपैकी एखादे सुकू लागले, की घरातील माणूस आजारी पडल्यासारखी सर्वांना चुटपुट लागते.

लालबागमधील अशाच एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका कुटुंबाची जास्वंद होती. आजीने ती फांदी लावून वाढवली होती आणि गणेशचतुर्थीला पहिले लाल फूल घरच्या जास्वंदीचेच वाहायचे, असा तिचा नेम होता. एका वर्षी चतुर्थी तीन आठवड्यांवर आली असताना झाडाच्या कळ्या न उमलताच गळू लागल्या. शेंड्याची पाने आखडली आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नव्हता. एकाने भरपूर पाणी घालण्यास सांगितले, दुसऱ्याने खत घालण्यास. तिसऱ्याने तर घरातील ढेकणांवर मारावयाचे जहाल औषधच आणून दिले. आजीची बारा वर्षांची नात ते फवारणार, इतक्यात शेजारच्या खोलीतील आजोबा बाहेर आले. त्यांची सारी हयात सार्वजनिक बागांत माळीकाम करण्यात गेली होती.

“थांब, बाळ,” ते म्हणाले, “वैद्य आधी नाडी पाहतो, मग मात्रा देतो. येथे पिण्याच्या पाण्याचे पिंप आहे, लहान मुले रांगतात. हे औषध येथे नको. झाडाला काय होते आहे, ते आधी झाडालाच विचारू.”

“झाड कसे सांगणार, आजोबा?”

“ते तीन ठिकाणी सांगते. मातीत, पानाच्या पाठीवर आणि मुंग्यांच्या वाटेवर.”

नातीने मातीत बोट खुपसले. दोन पेरांपर्यंत माती ओलसर लागली. म्हणजे पाण्याची तक्रार नव्हती. मग तिने पान उलटून पाहिले. ते चिकट होते आणि काही ठिकाणी काजळीसारखे काळे पडले होते. एवढ्यात तिला मुंग्यांची रांग दिसली. ती कुंडीवरून खोडावर आणि खोडावरून नेमकी त्या पांढऱ्या पुंजक्यांपर्यंत गेली होती.

“हा पिठ्या ढेकूण,” आजोबा म्हणाले. “नाव ढेकणाचे असले, तरी हा माणसाला चावत नाही, झाडाचा रस पितो.”

पिठ्या ढेकूण हा अगदी लहान, मऊ अंगाचा कीटक आहे. त्याच्या अंगावर मेणासारख्या पांढऱ्या पदार्थाचे आवरण असते, म्हणून तो पिठात लोळल्यासारखा दिसतो. या मेणामुळे नुसते पाणी त्याच्या अंगावरून ओघळून जाते. आपली सूक्ष्म सोंड कोवळ्या शेंड्यात खुपसून तो सतत रस शोषतो आणि जादा झालेला गोड रस बाहेर टाकतो. त्या गोडव्यासाठी मुंग्या जमतात. त्या मोबदल्यात त्या पिठ्या ढेकणाला त्याच्या शत्रूंपासून सांभाळतात. उरलेला चिकट रस पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते, आणि पानापर्यंत पोचणारा प्रकाश कमी होतो. चाळीच्या छपराखाली पावसाची झोड पोचत नाही. त्यामुळे उघड्यावरच्या झाडाप्रमाणे ही कीड धुऊन जात नाही.

आजोबांनी उपाय सांगितले ते असे. प्रथम ती कुंडी इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी. फार किडलेले शेंडे कापून, पिशवीत घट्ट बांधून टाकून द्यावेत. उरलेले पुंजके साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या जुन्या दातघाशीने हलकेच घासून काढावेत. मग ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, त्यात पाणी घालून एक लिटर अर्क करावा आणि तो संध्याकाळच्या वेळी पानांच्या दोन्ही अंगांवर फवारावा. अंड्यांतून नवी पिले निघत राहतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा पाहणी करावी. मुंग्यांची वाटही मोडावी. कारण राखणदार हटला, की चोर उघडा पडतो.

दुसऱ्या रविवारी नातीला एका फांदीवर बराच मोठा, पांढरा, झुपकेदार किडा दिसला. तो इतरांसारखा एका जागी बसला नव्हता. चांगला चालत होता. “हा तर त्यांचा राजा!” असे म्हणून ती त्याला चिरडणार, तोच आजोबांनी तिचा हात धरला. “अगं, हा आपला मित्र आहे! जरा पाहा तरी.” खरोखरच तो किडा पिठ्या ढेकणांना खात पुढे सरकत होता. ती एका ढालकिड्याची अळी होती. शत्रूच्याच वेषात वावरणारी ही अळी पुढे नारिंगी डोक्याचा, काळसर पाठीचा, इवलासा भुंगेरा बनते. जहाल औषध फवारले असते, तर हा मित्रही मेला असता. त्या फांदीवर मग अर्क फवारला गेला नाही.

या भुंगेऱ्याचा प्रवास मोठा नवलाचा आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीच्या झाडांवरील किडीला आळा घालण्यासाठी १८९८ साली त्याला भारतात आणले गेले आणि पुढे तो येथे रुळला. १९९४ साली कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर जास्वंदीच्या पिठ्या ढेकणाने मोठा उपद्रव मांडला, आणि पुढच्या वर्षी तो त्रिनिदादलाही पोचला. तेव्हा १९९६ साली हे भुंगेरे भारतातून तिकडे पाठवण्यात आले. कीड आटोक्यात आणण्यात इतर मित्रकीटकांबरोबर त्यांचाही वाटा होता.

प्रत्येक रोपाचे दुखणे मात्र कीडच असते असे नाही. तुळशीचेच पाहा. स्नान झाल्यावर आजी पाणी घालते, दुपारी आई घालते, संध्याकाळी मुले घालतात. माती ओली असूनही तुळस माना टाकते, तेव्हा ती तहानलेली नसते. तिची मुळे कुजत असतात. अशा वेळी कुंडीचे तळाचे भोक मोकळे करावे आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. मिरचीच्या शेंड्यावर हिरवा वा काळा मावा दिसला, तर तो पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. गुलाबाच्या पानांवर पांढरी भुकटी पसरली, तर ती भुरी नावाची बुरशी होय. ती पाने काढून कुंडीला मोकळी हवा द्यावी. कढीलिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती उद्याचे फुलपाखरू असते. झाड मोठे असेल, तर चार पाने तिला खुशाल खाऊ द्यावीत.

एक शत्रू मात्र रोपाचा नसून माणसाचा आहे. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास तयार होतात. म्हणून निदान आठवड्यातून एकदा ती बशी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवणे प्रत्येक बागप्रेमी घराचे कर्तव्य आहे.

त्या वर्षी चतुर्थीला आजीचा नेम मोडला. कापलेल्या जास्वंदीवर एकही कळी नव्हती. फुले दादरच्या फूलबाजारातून आणावी लागली. आजी काही बोलली नाही, पण तिचे लक्ष पुनःपुन्हा कठड्याकडे जाई. नात मात्र दर रविवारी माती, पाने आणि मुंग्यांची वाट पाहत राहिली. दसऱ्याच्या सकाळी नव्या फुटव्यावर एक लाल फूल उमलले. नातीने ते खुडले नाही. तिने आजीचा हात धरून तिला कठड्यापाशी नेले.

शब्दार्थ
हयात – आयुष्य
मात्रा – औषधाचा ठरावीक अंश
बेचका – पान व फांदी यांमधील कोन
अर्क – भिजवून काढलेला सत्त्वांश
भुंगेरा – कठीण पंखांचा कीटक

स्वाध्याय
१. झाडाचे दुखणे ओळखण्यासाठी आजोबांनी कोणत्या तीन जागा सांगितल्या? का?
२. मुंग्या आणि पिठ्या ढेकूण यांचा परस्परांना काय उपयोग होतो?
३. “राखणदार हटला, की चोर उघडा पडतो,” या वाक्याचा या पाठातील अर्थ स्पष्ट करा.
४. नातीने दसऱ्याचे फूल का खुडले नसेल? तुमच्या शब्दांत लिहा.
५. घरातील किंवा शाळेतील एका रोपाची चार आठवडे पाहणी करून नोंद ठेवा.