ताकदवान जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर तुटण्याची वेळ क्वचितच येते. त्याआधीच क्लच प्लेटी घसरतात, तापतात आणि जळतात. घसरण्याची कारणे दोन: तेलाचा दाब कमी पडणे आणि तेल जास्त तापणे. 500 अश्वशक्तीच्या जुन्या अमेरिकन गाडीसाठी गिअरबॉक्स बांधताना महागड्या प्लेटींची यादी करण्याआधी या दोन गोष्टींचा हिशेब मांडावा.

पेटी निवडण्याचा प्रश्न तसा लवकर सुटतो. क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट 727 (1962), जनरल मोटर्सची टर्बो-हायड्रामॅटिक 400 (1964) आणि फोर्डची सी-6 (1966) या तिन्ही तीन-गिअरच्या आणि तिन्ही दणकट. 727 मधील पहिल्या गिअरचा एकदिश क्लच भर ताकदीत तुटला, तर पुढचा ड्रम इंजिनापेक्षा कितीतरी वेगाने फिरून फुटू शकतो; म्हणून तिच्यावर संरक्षक कवच हवेच. टर्बो 400 इतकी भरवशाची ठरली की ती रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये आणि 1976 च्या फेरारी 400 मध्येही बसली. तिची गिअर गुणोत्तरे 2.48, 1.48 आणि 1.00 अशी आहेत. ओव्हरड्राइव्ह नसल्याने 3.73 च्या एक्सलवर ताशी 110 किलोमीटरला इंजिन साधारण 3,300 फेऱ्या घेते. ही घरघर नको म्हणून अनेकजण ओव्हरड्राइव्ह असलेली 700आर4 बसवतात. तिच्यात थ्रॉटलची केबल तेलाचा दाबही ठरवते. टर्बो 350 ची केबल मात्र फक्त किकडाउनपुरती असते. दोन्ही केबली सारख्याच दिसतात, म्हणून 700आर4 ची केबलही अंदाजाने जोडली जाते आणि प्लेटी थोड्याच अंतरात जळतात. लांबच्या प्रवासाला टर्बो 400 च्याच घराण्यातली 1991 ची 4एल80-ई बरी; तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मात्र लागतो.

टर्बो 400 च्या बांधणीत खरे लक्ष डायरेक्ट ड्रमकडे द्यावे. तिसऱ्या गिअरचा भार त्यातल्या क्लचवर असतो आणि त्या वेळी त्याच्या पिस्टनचा एकच भाग दाबाखाली येतो. दोन्ही भाग फक्त रिव्हर्समध्ये वापरले जातात. मधले सील काढून आणि रिव्हर्सची वाट बंद करून पूर्ण पिस्टन तिसऱ्यातही वापरता येतो. ताकदीच्या बांधणीत ही सुधारणा करतातच. जुना 16 एलिमेंटचा स्प्रॅग (एकदिश क्लच) किंवा रोलर क्लच बदलून 34 एलिमेंटचा स्प्रॅग असलेला ड्रम घ्यावा. नव्या फ्रिक्शन प्लेटी तासभर तेलात भिजवाव्यात. दर प्लेटीमागे साधारण 0.25 मि.मी. मोकळीक ठेवून ती फीलर गेजने मोजावी. झाकण लावण्यापूर्वी तेलाच्या वाटांमधून 30 ते 40 पीएसआय दाबाची हवा सोडावी. क्लच ‘धप्’ असा बसला तर सील ठीक. नुसती फुसफुस ऐकू आली तर सगळे पुन्हा उघडावे. बांधून झालेली पेटी पुन्हा उघडायचे जिवावर येते, पण गाडीखालून उतरवण्यापेक्षा ते सोपे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र बांधणीत नव्हे, बसवताना होते. प्रस्तुत लेखकाचे तसेच झाले. मिशिगनमधील त्याच्या गॅरेजात 1970 च्या शेव्हेलची पेटी रात्री उशिरा वर चढवली जात होती. बेलहाउसिंग इंजिनापासून बोटभर लांब राहिले. बोल्ट हाताने पुढे जाईनात, म्हणून पाना लावून ते ओढून घेतले. इंजिन चालू करताच करकर झाली आणि पंपाचा आतला गिअर फुटला. टॉर्क कन्व्हर्टर पंपाच्या गिअरमध्ये शिरलाच नव्हता. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलला की तीन वेळा ‘खट्’ जाणवते: इनपुट शाफ्ट, स्टेटरचा आधार आणि शेवटी पंप. तिसरे ‘खट्’ आल्यावाचून पेटी वर नेऊ नये. बेलहाउसिंग इंजिनाला हातानेच टेकले पाहिजे, आणि कन्व्हर्टर मागे ढकलल्यावर फ्लेक्सप्लेटपासून 3 ते 5 मि.मी. अंतर उरले पाहिजे.

पहिली पेटी जळलेली असेल तर तिचा कचरा कूलरमध्ये बसलेला असतो. लाइन धुवून काढल्या तरी रेडिएटरमधील कूलर पूर्ण साफ होईलच असे नाही. तो बदलावा आणि जोडीला बाहेरचा प्लेट-कूलर लावावा. उष्णता मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये तयार होते, म्हणून जास्त स्टॉलच्या कन्व्हर्टरला मोठा कूलर लागतो. तेल 80 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले तर पेटी वर्षानुवर्षे टिकते. त्यापुढे दर 11 अंशांना तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

टर्बो 400 मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर ही छोटी डबी इंजिनावरचा भार ओळखते. तिचा पडदा फाटला तर गिअरबॉक्सचे तेल थेट इंजिनात ओढले जाते: गाडीखाली थेंब नाही, तेल मात्र कमी होते आणि मागून पांढरा धूर येतो. डबीची नळी काढून आत बोट फिरवावे. बोट ओले निघाले तर डबी बदलावी. तीव्र कॅमशाफ्टच्या इंजिनात व्हॅक्यूम मुळातच कमी असते. पेटी मग भार जास्त आहे असे समजून गिअर उशिरा आणि झटक्याने बदलते; अशा वेळी समायोजन करता येणारा मॉड्युलेटर लावतात.

कन्व्हर्टर बसवण्याआधी त्यात लिटरभर तेल ओतावे आणि पॅनमध्ये चार लिटर भरूनच इंजिन चालू करावे. टर्बो 400 ची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघतात. 727 ची न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये तिचा कन्व्हर्टर भरत नाही. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पॅन उतरवून तळ बघावा. पातळ राखाडी चिखल म्हणजे नव्या प्लेटींची झीज, ती चालते. पितळी चमक दिसली तर बुश खराब होते आहे. काळे पापुद्रे हाताला लागले तर कुठला तरी क्लच आत्ताच घसरू लागला आहे, आणि गाडी तिथेच थांबवावी.