बेळगावचा किल्ला आणि स्कॉटलंडचा सेनानी

बेळगावच्या किल्ल्याचा खंदक आपण सर्वांनी पाहिला आहे. परंतु त्याचा संबंध दूरच्या स्कॉटलंडशीही येतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १८१८ च्या मार्च महिन्यात कंपनीच्या सैन्याने ह्या किल्ल्यास वेढा दिला. सुमारे तीन आठवडे झुंज चालली. अखेर १० एप्रिल रोजी पेशव्यांच्या शिबंदीने किल्ला खाली करून दिला. त्या सैन्याचा सेनापती थॉमस मन्रो हा १७६१ साली ग्लासगो शहरी जन्मलेला स्कॉटिश गृहस्थ होता.

ग्लासगो हे त्या काळी व्हर्जिनियाच्या तंबाखूवर श्रीमंत झालेले शहर. तंबाखूने पेठ कशी वाढते, हे निपाणीकरांस सांगावयास नको! मन्रोचे वडील व्हर्जिनियाशी व्यापार करीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो बुडाला आणि मुलगा १७८० साली कंपनीच्या लष्करात नोकरीसाठी मद्रासेस आला.

आता मन्रोच्या मायदेशाकडे पाहू. १२९७ साली विल्यम वॉलेसने स्टर्लिंगच्या पुलापाशी इंग्रजांचा पराभव केला. १३०५ साली लंडनमध्ये त्यास देहान्त शिक्षा झाली. तरी लढा थांबला नाही. १३१४ साली स्टर्लिंगच्याच किल्ल्यावरून बॅनकबर्नचा संग्राम झाला व रॉबर्ट ब्रूस विजयी झाला. पुढे १७०७ साली स्कॉटलंड व इंग्लंड ही राज्ये एक झाली आणि पुढील काळात अनेक स्कॉटिश तरुण कंपनीच्या चाकरीत शिरले. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन हेही स्कॉटिशच. त्यांच्याच कारकिर्दीत, १८२४ साली, कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी कंपनीशी झुंज दिली.

येथे आम्हांस प्रश्न पडतो : वॉलेसच्या देशबांधवांनी दुसऱ्यांचे स्वातंत्र्य कसे हिरावून घेतले? मन्रो दुष्ट नव्हता. शेतकऱ्याशी थेट सारा ठरविणारी रयतवारी पद्धत त्याने मद्रास इलाख्यात रूढ केली. हिंदी लोकांस वरच्या अधिकाराच्या जागा द्याव्यात, असेही त्याने लिहून ठेविले. तरीही किल्ला त्यानेच घेतला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पूर्वजांचे शौर्य वारसाहक्काने मिळत असेल. न्यायबुद्धी मात्र प्रत्येक पिढीस स्वतःच कमवावी लागते, हाच ह्यातील बोध होय.

विद्यार्थी मित्रहो, किल्ल्यातून लढलेल्या शिपायांची नावे आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. पुढच्या वेळी खंदकाजवळून जाताना मन्रोबरोबर त्या निनावी वीरांचेही स्मरण आपण करू या.