परभाषेचा उंबरठा

व्यापाऱ्याचे भांडवल जसे तिजोरीत असते, तसेच ते त्याच्या वाणीतही असते. मालाचा नमुना दाखविणे, भाव ठरविणे, उधारीची मुदत वाढवून देणे, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालणे, ही सारी कामे शब्दांनीच व्हावयाची असतात. म्हणूनच परभाषेच्या मुलखात पाऊल ठेवताच व्यापाऱ्यास आपले निम्मे भांडवल घरी राहिल्यासारखे वाटते. ही अडचण कोणत्या स्वरूपाची आहे, तीतून वाट कशी काढावी, आणि ती टाळून केवळ स्वभाषेवर विसंबणाऱ्यांचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परभाषा बोलताना पहिला त्रास होतो तो असा की, मनात आहे ते बोलता येत नाही. येते तेवढेच बोलावे लागते. "विचार करून कळवितो" असे म्हणावयाचे असते. परंतु शब्द सापडत नाहीत म्हणून "नको" एवढेच तोंडातून निघते, आणि समोरच्यास तो रोखठोक नकार वाटतो. दुसरा त्रास मानापमानाचा. कानडीत एकेरी 'नीनु' आणि आदरार्थी 'नीवु' असा भेद आहे. तो भेद चुकला, तर वडीलधाऱ्या अडत्यास अरेतुरे केल्यासारखे होते. तिसरा त्रास मात्र समोरच्याच्या सौजन्यातून उद्भवतो. आपण धीर करून दोन वाक्ये जुळवितो, तोच तो आपली अडखळ ओळखून आपल्याच भाषेत उत्तर देतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण शिकणाऱ्याचे दार तेथेच बंद होते. युरोपात जर्मन वा फ्रेंच बोलू पाहणाऱ्यास इंग्रजीत उत्तर मिळावे, आणि बेळगावच्या बाजारात कानडी बोलू पाहणाऱ्यास मराठीत उत्तर मिळावे, यांत तत्त्वतः काहीच अंतर नाही.

आपल्या सीमाभागातील या दोन भाषा शेजारी असल्या तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. मराठी संस्कृत-प्राकृतापासून आलेली, तर कानडी द्राविडी. कानडीत 'ए' आणि 'ओ' या स्वरांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकार आहेत. 'कोडु' यातील ओकार ऱ्हस्व असला तर अर्थ 'दे' असा होतो, दीर्घ असला तर 'शिंग' असा. मराठी कानास हा भेद प्रथम जाणवतच नाही. उलटपक्षी, कानडी भाषिकास मराठीतील लिंगभेद छळतो. त्याच्या भाषेत निर्जीव वस्तू सामान्यतः नपुंसकलिंगीच. मग भात 'तो', भाकरी 'ती' आणि पीठ 'ते' का, याचे उत्तर त्यास कोणी देऊ शकत नाही. 'चहा' आणि 'चमचा' यांतील 'च'चा उच्चारभेदही त्यास पाठ करूनच शिकावा लागतो. तेव्हा एकमेकांच्या बोलण्यास हसण्यापूर्वी, तीच परीक्षा उद्या आपणासही द्यावयाची आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. तूप, अण्णा, अक्का हे शब्द मराठीने कानडीकडूनच घेतले, हेही विसरू नये.

आपल्या पूर्वजांना या गोष्टीचे वावडे नव्हते. बेळगावच्या किल्ल्यातील जिनालयासंबंधीचा इ. स. १२०४ चा कानडी शिलालेख रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळचा आहे. त्यात जिनालयास दान देणाऱ्यांमध्ये स्थानिक व्यापाऱ्यांबरोबर लाट देशाचे, म्हणजे गुजरातेकडील, आणि मलयाळ देशाचे व्यापारीही उल्लेखिलेले आहेत. इतक्या दूरदूरचे व्यापारी एका गावी एकत्र येऊन एका कार्यास कर लावून घेत होते, ते एकमेकांची भाषा समजून घेतल्यावाचून शक्य झाले असेल काय? श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांतील लेख कोरलेले आहेत. येणारा यात्रेकरू ज्या भाषेचा, त्या भाषेत त्यास सांगावे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

अलीकडचे उदाहरण पाहावयाचे तर डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे पाहावे. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९०६ साली जन्मलेल्या या पंडिताने मराठी मुलखातील कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविली, प्राकृत ग्रंथ इंग्रजी प्रस्तावनांसह संपादिले, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळ येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले. अनेक भाषांत वावरल्याने त्यांचे स्वत्व उणावले, असे कोणी म्हणणार नाही.

आता याच्या उलट चित्र पाहू. अमेरिका हे व्यापाराने बलाढ्य राष्ट्र. परंतु तेथील बहुसंख्य लोक केवळ इंग्रजीच बोलतात. घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणारे पाचांत एक एवढेच, आणि त्यांतही बाहेरून आलेली कुटुंबे पुष्कळ. आजोबांची भाषा नातवास येत नाही, हा तेथील नेहमीचा अनुभव. याची कारणे स्पष्ट आहेत. देश खंडप्राय, बाजारपेठ एक, आणि जगभर इंग्रजी जाणणारा कोणी तरी भेटतोच, अशी खात्री. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली नेमलेल्या आयोगाने पुढील वर्षी आपल्या अहवालात या परभाषा-अज्ञानाबद्दल कडक शब्दांत खेद व्यक्त केला होता. तरीही २०१६ ते २०२१ या काळात तेथील महाविद्यालयांत व विद्यापीठांत इंग्रजीव्यतिरिक्त भाषा शिकणाऱ्यांची नोंदणी १६.६ टक्क्यांनी घटली. ज्याला गरज भासत नाही तो शिकत नाही. परंतु त्यामुळे त्याचे ज्ञान दुभाष्याच्या हातात राहते. आणि समोरचे दोघे आपसांत काय बोलले, हे त्यास कधीच कळत नाही.

अमेरिकेस नावे ठेवणे सोपे. आपल्या घरी काय चालले आहे? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास द्यावी व बेळगाव म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा निर्णय ज्याने द्यावयाचा तो देईल. परंतु वादाच्या धगीत भाषा शिकणे म्हणजे जणू हार पत्करणे, असा समज दोन्ही बाजूंच्या काही तरुणांत रुजत आहे, तो मात्र घातक होय. स्वभाषेच्या शाळेचा व कागदपत्रांचा आग्रह धरणे हा हक्क आहे. शेजाऱ्याची भाषा न शिकणे हा हक्क नव्हे, ते केवळ नुकसान आहे. ज्याला आपल्या जमिनीचा उतारा किंवा कचेरीची नोटीस वाचण्यास परक्याकडे जावे लागते, त्याचा अभिमान त्यास उपयोगी पडत नाही.

याहूनही नाजूक गोष्ट घरातील आहे. आपल्या समाजात कानडी बोलणाऱ्या गावची मुलगी मराठी घरी आणि मराठी घरची मुलगी कानडी गावी देण्याची चाल जुनी आहे. परदेशी गेलेल्या मनुष्याचे सारे हाल ती मुलगी स्वयंपाकघरात सोसते. तिच्या चुकलेल्या शब्दास सारे हसले, की ती बोलणेच सोडते; आणि मग "सून अबोल आहे" असा शिक्का तिच्यावर बसतो. तिने घरची भाषा शिकावी हे योग्यच. परंतु सासरच्यांनीही तिच्या भाषेतील चार शब्द शिकले, तर ते घर तिला लवकर आपले वाटेल.

सभासद बंधुभगिनींनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात, अशी विनंती आहे. प्रथम अंक, वजने, मुदती आणि नातेवाचक शब्द शिकावेत. पेढीवर त्यांचीच गरज अधिक पडते. लिपी अवश्य शिकावी. रोज अर्धा तास दिल्यास काही महिन्यांत पाट्या व पावत्या वाचता येऊ लागतात. शिकताना समोरच्यास नम्रपणे सांगावे, "आपण आपल्याच भाषेत बोलावे, चुकले तर सुधारावे." आपली भाषा कोणी मोडकी बोलत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. आज मोबाईल क्षणात भाषांतर करून देतो. पत्र वाचण्यास तो उपयोगी आहे. परंतु उधारी मागताना शब्दास जी धार किंवा जो ओलावा द्यावयाचा, तो यंत्रावर सोपवू नये. आणि ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, त्यांनी नातवंडांशी मराठीतच, अथवा घरची भाषा कानडी असल्यास कानडीतच बोलावे. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले तरी आजीने आपली भाषा सोडू नये.

निपाणीची तंबाखू असो वा बेळगावचे कापड, माल दूरवर जातो तो विश्वासावर. तो विश्वास मिळविण्यासाठी गिऱ्हाइकाच्या भाषेत केलेला नमस्कार, थोडा अडखळत का होईना, फार मोलाचा ठरतो. येत्या वर्षी प्रत्येक पेढीवर निदान एकाने शेजाऱ्याची भाषा वाचण्यास आरंभ करावा, एवढाच या लेखाचा हेतू.