वासराचा पाय मोडला, तर पहिली पट्टी तुमची

रात्री उशिरा फोन आला आणि पलीकडून ‘डॉक्टर, वासराचा पाय लोंबतोय’ असं ऐकलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती जणांनी ओढलं?

उत्तर बहुधा ‘चौघांनी’ असं येतं. गाय अडलेली, पोटात संकरित जातीचं मोठं वासरू, पुढच्या पायाला चऱ्हाटाचा एकच फास आणि सगळ्यांची घाई. वासरू जिवंत बाहेर येतं, पण नळीचं हाड मोडून. नवजात वासरांचे जे मोडलेले पाय माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे असेच मोडलेले असतात. बाकीचे आईच्या खुराखाली सापडलेले, नाहीतर गव्हाणीच्या फटीत अडकलेले.

मोडलेला पाय ओळखणं अवघड नाही. वासरू पाय टेकत नाही आणि जिथे सांधाच नाही तिथे पाय वाकतो. खात्री करायला तो हलवून मात्र बघू नका. आतली टोकं धारदार असतात; कातडी फाडून हाड बाहेर आलं की त्यात घाण जाते आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. जखम झालीच असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं झाका. हळद, राख, शेण काही लावू नका.

धीर मात्र सोडू नका. तीस किलोचं वासरू, वाढतं हाड आणि दिवसाचा बराच वेळ बसून राहायची सवय, हे सगळं तुमच्या बाजूनं आहे. नळीचं मोड नीट प्लास्टर केलं तर साधारण तीन ते सहा आठवड्यांत जुळतं. मोठ्या गाईच्या बाबतीत मी इतक्या खात्रीनं बोलत नाही.

डॉक्टर पोहोचेपर्यंतचं काम तुमचं. आधी पायाला खुरापासून वरपर्यंत कापूस किंवा जुन्या धोतराची जाड गुंडाळी करा. तिच्यावर बांबूच्या दोन कामट्या किंवा उभा चिरलेला पाइप ठेवा, एक मागून आणि एक बाजूनं. लांबी महत्त्वाची. पुढच्या पायाची नळी मोडली असेल तर कामटी खुराच्या टोकापासून थेट कोपराखालपर्यंत हवी, म्हणजे मोडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलणार नाहीत. फक्त मोडलेल्या जागेवर चार बोटं रुंद पट्टी बांधली, तर पाय तिथेच आणखी वाकतो. मांडीचं किंवा खांद्याजवळचं हाड मोडलं असेल तर काहीच बांधू नका. तिथे पट्टीचं वजनच मोड ओढत राहतं.

आणि आवळू नका. एका आजीबाईंनी पाच दिवसांनी कालवड आणली होती. गावातल्या कुणीतरी कामट्या सुतळीनं करकचून बांधल्या होत्या, खाली कापूस नाही. सोडताना वास आला. खूर बर्फासारखा गार होता आणि हातात घेतला तर सैल हलत होता. हाड जुळलं असतं हो, पण पायच मेला होता.

दुखणं थांबवायला घरातली माणसांची गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडं मरतात. वेदनेवर मेलॉक्सिकॅम चालतं. मात्रा डॉक्टर ठरवतील.

या गडबडीत चीक राहून जातो. पाय दुखतो म्हणून वासरू उभं राहत नाही, म्हणून पीत नाही आणि मग मोडानं नव्हे, हगवणीनं जातं. वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या वासराला तीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. काढून बाटलीनं पाजा. वासराला छातीवर बसवा आणि डोकं वर धरा, आडवं पाडून ओतू नका.

प्लास्टर झाल्यावर वासरू आईपासून वेगळं, कोरड्या पाचटावर ठेवा. रोज वाकून प्लास्टरचा वास घ्या. कुजका वास आला, वरून सूज दिसली, किंवा कालपर्यंत टेकलेला पाय आज उचलून धरला, तर आठवडा भरायची वाट बघू नका.

‘गोऱ्हा आहे डॉक्टर, इतका खर्च करू का?’ असंही विचारतात. मी रागावत नाही, दुधाच्या भावात ते गणित मलाही कळतं. पण निर्णय कोणताही घ्या, दुखत्या पायाला आधार आज द्या.

पुढच्या वेळी चऱ्हाट घोट्याच्या वर एक फास आणि खाली दुसरा, असं बांधा. दोघांनीच ओढा, तेही गाय कळ देईल तेव्हाच. नाही आलं तर थांबा आणि जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरला फोन लावा.

प्लास्टर काढल्यावर पहिले काही दिवस घोटा खाली टेकल्यासारखा दिसतो. शिरा सैल पडलेल्या असतात, त्या हळूहळू भरतात. ते प्लास्टर काढायलाही डॉक्टरलाच बोलवा. कोयत्यानं कापू नका.