खेळ, गुण आणि अभ्यासाची गोडी

मोबाईलवरील खेळात दहा वेळा हरलेला तरुण अकराव्यांदा उत्साहाने खेळ सुरू करतो. तोच तरुण महाविद्यालयातील एका चाचणीत कमी गुण पडताच पुस्तक मिटून ठेवतो. असे का व्हावे? या प्रश्नातूनच खेळातील गुण, पायऱ्या, बिल्ले व क्रमवारीचा फलक उच्च शिक्षणात वापरण्याची कल्पना पुढे आली. तिला 'गेमिफिकेशन' असे म्हणतात.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ली शेल्डन यांनी संगणकीय खेळांची रचना शिकविताना नेहमीच्या श्रेणीऐवजी 'अनुभव-गुण' देण्यास सुरुवात केली. प्रत्येक विद्यार्थी शून्यापासून निघे व केलेल्या कामागणिक वर चढे. या प्रयोगावरील त्यांचे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर, नेहमीच्या परीक्षेत चूक 'नावे' पडते. येथे प्रयत्न 'जमा' होतो.

परंतु याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालकांवर प्रयोग केला. बक्षिसाचे आश्वासन देऊन ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, ती मुले पुढे बक्षीस नसताना इतरांपेक्षा कमी वेळ चित्रांकडे वळली. २०१५ साली हॅनस व फॉक्स यांनी महाविद्यालयीन वर्गांची तुलना प्रसिद्ध केली. बिल्ले व क्रमवारीचा फलक असलेल्या वर्गात सत्र सरता सरता अभ्यासाची आंतरिक ओढ दुसऱ्या वर्गापेक्षा कमी झालेली आढळली.

आपल्या समाजात आजही अनेक विद्यार्थी घरातून पहिलेच महाविद्यालयात जाणारे असतात. कित्येक जण नोकरी सांभाळून शिकतात. फलकावर सतत तळाशी स्वतःचे नाव दिसले, तर 'हे आपले काम नव्हे' असा समज होऊन ते शिक्षणच सोडतील, हा खरा धोका आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, खेळातून पुढील तीन गोष्टी अवश्य घ्याव्यात :

१) मोठ्या अभ्यासक्रमाचे छोटे टप्पे पाडावेत व पूर्ण झालेल्या टप्प्यावर खूण करावी.

२) वाचून झाल्यावर पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारावेत व उत्तरे लगेच तपासावीत. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या एका आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला.

३) चुकलेला प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा सोडवावा. खेळात हरण्याची लाज नसते, तशी येथेही नसावी.

पालकांना व वडीलधाऱ्यांना एकच विनंती. मुलाला 'कितवा आलास?' असे विचारण्याऐवजी 'काल येत नव्हते, असे आज काय येते?' असे विचारावे. त्या उत्तरात क्रमांक नसेल, पण प्रगती नक्की दिसेल.