लग्न हा इलाज नव्हे

मुलगा समलिंगी आहे हे घरात कळलं की बोट पहिलं आईकडे जातं. 'तुझ्या लाडानं बिघडला' हे मीही ऐकलं, तेही जवळच्यांच्या तोंडून. आम्ही कामशेतजवळचं शेतकरी कुटुंब. मुलगा पुण्यात नोकरीला, लोणावळा लोकलनं रोज ये-जा करणारा. आज ज्या आया या वळणावर उभ्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दोष अंगाला लावून घेऊ नका. हा आजार नाही आणि संस्कारांची खोटही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. एका समुपदेशक बाईंनी हे नीट समजावलं, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. जी आई स्वतःलाच गुन्हेगार समजते, तिला लेकराची बाजू घेता येत नाही. येईल त्याच्या सल्ल्याला ती मान डोलावते.

'बरा करून देतो' म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. शहरातले एक डॉक्टर आम्हाला म्हणाले, "गोळ्या सुरू करू, वर्षभरात बोहल्यावर चढेल." मुलगा शेजारी बसून फाइलची कड नखानं सोलत होता. मी त्याचा हात धरला आणि आम्ही उठून आलो. असे 'उपचार' करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मूल खचलं असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर न्या. मदत त्या त्रासासाठी घ्या, त्याचा स्वभावधर्म बदलण्यासाठी नको.

भात घरात आलं, तुळशीचं लग्न लागलं, की मावळात स्थळं निघतात. जाऊबाईंनी एका मुलीचा फोटो आणला. म्हणाल्या, "एकदा लग्न झालं की येईल ताळ्यावर. जोडीनं कार्ल्याला एकवीरेच्या पाया पडून येतील." मी म्हटलं, "ताई, ही पोर माझ्या घरात जन्मभर एकटी पडेल. तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?" त्यानंतर फोटो आले नाहीत. आपली अब्रू झाकायला दुसऱ्याच्या लेकीचा बळी देऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

कुणाला सांगायचं, हे मुलाला ठरवू द्या. आमच्याकडे सकाळच्या लोकलमध्ये झालेली गोष्ट संध्याकाळी बाजारात पोचते. त्याला न विचारता मावशीलाही सांगू नका. वडिलांना वेळ द्या. यांनी बरेच दिवस अबोला धरला. मग लावणीच्या तोंडावर एका सकाळी म्हणाले, "चल रे, चिखलणीला माणूस कमी आहे." बांधावर दोघं एकाच डब्यातून जेवले. पुढचं बोलणं तिथूनच सुरू झालं.

एकट्या पडू नका. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. मुंबईत 'स्वीकार' हा पालकांचा गट आहे. रंगकर्मी चित्रा पालेकर यांच्यासारखे पालक मुलांच्या हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. विवाहाला मात्र २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही. म्हणूनच आईवडिलांनी कागदपत्रांकडे लक्ष द्यायला हवं. सातबारा, मृत्युपत्र, बँकेतलं वारस नामांकन वेळेवर करा. लग्न केलं नाही म्हणून त्याचा जमिनीतला वाटा कुणी गिळू नये. त्यानं साथीदार निवडला, तर पुढे त्या माणसाला कुणी दारातून परत पाठवणार नाही, हे आपल्या हयातीतच भावकीसमोर बोलून ठेवा. आईनं चारचौघांत उच्चारलेल्या शब्दाला आपल्याकडे अजून वजन आहे. ते लेकराच्या बाजूनं वापरा.